बंद पडणारी पद्मिनी आणि प्रत्येक काळाचा ठरलेला आरोपी

मी नागपूरच्या नंदनवनातून बोलतोय. आजचा इतिहास गडकिल्ल्यांचा नाही, पेट्रोलच्या एका नळीचा आहे.

आमच्या घरी १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी घेतलेली. गेल्या वर्षी तिला एक विचित्र सवय लागली. गल्लीबोळात मस्त चालायची, पण उमरेड रोडला लागून पंधरा-वीस मिनिटं सलग वेग धरला की आचके द्यायची आणि बंद. दहा मिनिटं थांबा, सेल्फ मारा, लगेच सुरू! गॅरेजमध्ये नेली की एकदम शहाणी. शेवटी बाबा वैतागले. "पेट्रोलच खराब येऊन राहिलं आजकाल. इथेनॉल टाकतात ना! देऊन टाकू भंगारात."

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कधी दिसणारा, कधी गायब होणारा बग माझ्या रोजच्या ओळखीचा. पण बाबांच्या "आजकाल" या शब्दावर मी अडकलो. आजकालच्या आधी लोक कोणाला दोष देत होते?

थोडं मागे जाऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार व्हायची. तीच गाडी सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसी. टाकी मागे, इंजिन पुढे. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला. त्यात एक पडदा असतो. कॅमशाफ्ट फिरला की पडदा वर-खाली होतो, टाकीतलं पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरकडे ढकलतो. बस, एवढंच. सेन्सर नाही, त्यामुळे स्कॅनर लावायचा प्रश्नच नाही.

या साध्या रचनेचा पहिला आरोपी म्हणजे ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते. पडदा वाफ नुसती दाबत बसतो, पेट्रोल काही पुढे सरकत नाही. याला म्हणतात व्हेपर लॉक. म्हणून जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे. अंधश्रद्धा नाही, चांगलं विज्ञान आहे ते.

दुसरा आरोपी भेसळ. स्वस्त रॉकेल मिसळलेलं पेट्रोल. हा संशय खोटा नव्हता. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. टाकीत काय पडतं, या प्रश्नासाठी एका माणसाचा जीव गेलाय.

तिसरा आरोपी शिसं, म्हणजे खरं तर शिसं नसणं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. जुन्या इंजिनांचे व्हॉल्व्ह झिजतील अशी भीती होती आणि तिला आधारही होता. पण व्हॉल्व्ह झिजले तर गाडी दहा मिनिटांत आपोआप बरी होत नाही.

आणि चौथा, आजचा आरोपी इथेनॉल. हा काही कालचा पाहुणा नाही बरं का. २००१ मध्ये देशात जे पहिले प्रयोग झाले, त्यातले दोन आपल्या महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाडला. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के, २०२२ मध्ये देशभरात सरासरी १० टक्के, आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल पाणी शोषतं, जुन्या रबरी नळ्यांना त्रास देतं, टाकीतला साचलेला मळ सुटा करतं. म्हणजे संशयाला जागा आहे. पण संशय म्हणजे पुरावा नाही.

मग आमच्या गल्लीतले मेकॅनिक काका आणि मी रविवारी बसलो. काका म्हणाले, "अंदाज नको लावू बापू. पेट्रोल कुठवर येऊन राहिलं, तेवढं पाहू." अहो, हे तर चक्क बायनरी सर्च!

मी आधी तारखा लिहून काढल्या. गाडी जुलैच्या पावसातही बंद पडली होती, म्हणजे ऊन सुटलं. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडून पाहिलं, हवा आत खेचल्याचा आवाज नाही, म्हणजे टाकीत हवा जायची वाट मोकळी. स्पार्क ठीक. मग मधोमध तोडलं. टाकीकडून येणारी नळी काढली आणि पंपाला वेगळ्या डब्यातलं ताजं पेट्रोल दिलं. (घरी करू नका, काका सोबत होते आणि आम्ही उघड्यावर होतो.) इंजिन अर्धा तास न अडखळता चाललं. म्हणजे पंप आणि कार्बोरेटर निर्दोष. दोष मागच्या अर्ध्या भागात.

टाकी उतरवली. तळाशी गंजाचे पापुद्रे आणि तपकिरी गाळ. सलग वेगात पेट्रोलची ओढ वाढली की पापुद्रे नळीच्या तोंडाशी येऊन चिकटायचे. गाडी थांबली, ओढ थांबली, की खाली बसायचे. म्हणून दहा मिनिटांत "बरी"!

लॉकडाऊनमध्ये गाडी दोन वर्षं अर्ध्या टाकीवर उभी होती. रिकाम्या भागातल्या दमट हवेनं पत्रा खाल्ला. इथेनॉलनं त्यात हातभार लावला असेलही, पण ती टाकी तशीच ठेवली असती तर कुठल्याही पेट्रोलवर हेच झालं असतं. टाकी साफ केली, रबरी नळ्या बदलल्या, फिल्टर नवा टाकला. भंगाराचा विषय संपला.

मला यातून इतिहासाचीच एक गोष्ट कळली. ऊन, भेसळ, शिसं, इथेनॉल, प्रत्येक काळाकडे एक तयार आरोपी असतो. तो अनेकदा खरोखर गुन्हेगारही असतो, पण या खटल्यातला असेलच असं नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तरी पेट्रोल खराबच येते." असू द्या! गेल्या आठवड्यात तेच गाडी घेऊन उमरेडला जाऊन आले, कुठेही न थांबता.

तुमच्या घरच्या जुन्या गाडीचा ठरलेला आरोपी कोण, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!