यमुना आणि आमची आत्याआजी

‘मराठीतली पहिली कादंबरी यमुनापर्यटन, लेखक बाबा पदमनजी, साल १८५७.’ हे वाक्य मी वर्गात किती वर्षं लिहून दिलं असेल! पुस्तक मात्र वाचलं निवृत्तीनंतर. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

बाबांचा जन्म १८३१ चा, बेळगावचा. १८५४ मध्ये ते ख्रिस्ती झाले. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी ही कादंबरी आली. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दशा बघते. पुढे तिच्यावरही तीच वेळ येते. शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. कथानक बेताचंच, धर्मप्रचारही उघड दिसतो. (‘अरुणोदय’ हे त्यांचं आत्मचरित्र मला जास्त आवडलं.) पण केशवपनाचा भाग आला आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

आमच्या घरी वडिलांची आत्या होती. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट पदर. न्हावी मागच्या दाराने यायचा, तेव्हा आम्हा पोरांना अंगणात पिटाळत. आम्हीही मुकाट्याने जायचो. आमच्या घरात बाबांना ‘बाटगा’ म्हणूनच सोडून दिलं असतं. पण मागच्या दाराशी काय चालतं, हे त्या माणसाने शंभर वर्षं आधी छापून ठेवलं होतं.

आत्याआजीला सगळे नुसतं ‘सोवळी’ म्हणत. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. नातेवाइकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा.