दाव्याचा खर्च कोणीं सोसावा?

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु ज्याच्यावर दुसऱ्यानें फिर्याद लावली, त्याला ती पायरी चढणें भागच पडतें. वकिलाची फी, स्टँप, नकला, साक्षीदारांचे भत्ते यांत त्याचा पैसा जातो, आणि कांहीं वर्षांनीं वादीचा दावा फेटाळला जातो. आतां हा गेलेला पैसा कोणीं भरून द्यावयाचा? प्रश्न साधा दिसतो. पण कायद्यानें त्याचें उत्तर फार सावकाश दिलें, आणि तें अद्यापहि पुरें दिलेलें नाहीं, असें इतिहास चाळतां आम्हांस वाटतें.

आपला दिवाणी कायदा इंग्रजी वळणावर गेला आहे. म्हणून तेथूनच आरंभ करूं. इंग्लंडांत इ. स. १२७८ च्या ग्लॉस्टरच्या कायद्यानें नुकसानभरपाई मिळविणाऱ्या वादीला दाव्याचा खर्चहि मिळूं लागला. पण वादी हरला तर नाहक ओढल्या गेलेल्या प्रतिवादीला खर्च देण्याचा नियम व्हावयास आठव्या हेन्रीची व पुढें पहिल्या जेम्सची कारकीर्द उजाडावी लागली. फिर्याद करणाराची हानि कायद्याला आधीं दिसली. फिर्यादीनें गांजलेल्याची अडीचशें वर्षांनीं दिसली.

या नियमाचें मोल मुंबईच्या महाराज लायबल खटल्यांत दिसून आलें. करसनदास मुळजी यांनीं 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रांत १८६० च्या आक्टोबरांत वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या वर्तनावर कडक टीका केली. तेव्हां जदुनाथजी महाराजांनीं त्यांच्यावर व मुद्रकावर ५०,००० रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत लावला. जातीचा रोष आणि बॅरिस्टरांची फी, या दोहोंस एका संपादकानें तोंड द्यावयाचें होतें. डॉ. भाऊ दाजींसारख्यांनीं त्यांच्या बाजूनें साक्ष दिली. २२ एप्रिल १८६२ रोजीं निकाल लागला. लिहिलें तें खरें आहे, ही प्रतिवादीची कैफियत मान्य झाली, आणि त्यांना ११,५०० रुपये देवविण्यांत आले. त्यांचा प्रत्यक्ष खर्च मात्र याहून अधिक झाला होता. सत्य सिद्ध करूनहि पदरचें गेलें तें कांहीं अंशीं गेलेंच.

हाच नियम उलट अंगानेंहि भाजतो. लोकमान्य टिळकांना त्याचा चटका १९१९ सालीं लंडनांत बसला. सर व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या 'इंडियन अनरेस्ट' या १९१० सालच्या ग्रंथांत आपली बदनामी झाली, म्हणून त्यांनीं ग्रंथकार व प्रकाशक यांच्यावर दावा केला होता. टिळकांतर्फे सर जॉन सायमन, चिरोलतर्फे सर एडवर्ड कार्सन, आणि न्यायासनावर न्या. डार्लिंग होते. ज्यूरीनें टिळकांविरुद्ध निकाल दिला, आणि स्वतःच्या खर्चावर प्रतिपक्षाच्या खर्चाचा बोजाहि त्यांच्यावर पडला. हें ओझें अखेर देशबांधवांनीं वर्गणी करून उचललें. सामान्य वादीमागें असें कोण उभें राहणार? खर्चाचा नियम कोण हरला एवढेंच पाहतो. कोणत्या ज्यूरीपुढें हरला, हें तो पाहत नाहीं.

आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३५ व्या कलमानें खर्च न्यायाधीशाच्या विवेकावर सोंपविला. मात्र जिंकणाराला खर्च नाकारावयाचा तर कारणें लिहिलीं पाहिजेत, असें घातलें. हुकूमनाम्यांत लिहिलेली ही रक्कम हरणारानें न दिली, तर दरखास्त देऊन वसूल करतां येते. १९२२ सालीं ३५-अ हें कलम आलें. जाणूनबुजून खोटा किंवा निव्वळ छळण्यासाठीं दावा आणणाराकडून वेगळी भरपाई देववावी, हा त्याचा उद्देश. पण तिची मर्यादा ठेवली १,००० रुपये! १९७६ च्या दुरुस्तीनें ती ३,००० झाली. २०१५ च्या कायद्यानें ती मोठ्या व्यापारी दाव्यांपुरतीच काढून टाकली. खर्च प्रत्यक्ष व वाजवी असावा, त्यांत जिंकणाराचा वेळ, प्रवास व मुक्काम हेंहि धरावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं सांगितलें आहे.

'दावा खर्चासह रद्द' हे शब्द ऐकून जिंकणारा सुखावतो. मग खर्चाचा तक्ता हातीं येतो, आणि त्यांतील आंकडा खरोखर दिलेल्या फीच्या शेजारीं ठेवतांच तें सुख ओसरतें. खर्चाचा धाक फार वाढला तर गरिबाला न्यायाचें दार बंद होईल, ही भीति खरी आहे. पण त्या भीतीपोटीं नाहक गांजलेल्या प्रतिवादीनें जिंकूनहि कर्ज फेडीत बसावें, हाहि न्याय नव्हे. प्रामाणिकपणें लढून हरणारा आणि छळण्यासाठीं लढणारा, या दोघांना एकाच मापानें मोजूं नये; पहिल्यावर दया ठेवावी, दुसऱ्याकडून पै न पै घ्यावी. ३५-अ कलमाचें बीज हेंच होतें. तीन हजारांच्या कुंपणांत तें खुंटून राहिलें आहे.