गोदाघाट, जलरंग आणि फावला वेळ

रंगपेटी उघडून तासभर बसले की मन हलके होते, हे आज कुणाला पटवून द्यावे लागत नाही. नाशिकमध्ये सुट्टीच्या दिवशीचे चित्रकलेचे वर्ग आणि कार्यशाळा आता ओळखीच्या झाल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच वर्गांचे आश्वासन एकच असते : चित्र काढता यायलाच हवे असे नाही, नुसते रंगांशी खेळा, ताण जाईल. हे आश्वासन खोटे नाही. पण शिकून काढलेले चित्र म्हणजे कष्ट आणि विरंगुळा म्हणजे त्या कष्टांतून सुटका, अशी एक समजूत त्यात गृहीत धरलेली असते, आणि हौशी चित्रकलेचा इतिहास ती समजूत खोडून काढतो. गंगेवर, म्हणजे इथल्या गोदाकाठी, बसून घाट रंगवण्याची जी हौस या गावात रुजली, ती शिस्तीतून आली. आधी सैन्याची, मग कचेरीची, मग परीक्षेची. या हौसेत जो विसावा मिळतो तो नीट पाहण्याच्या श्रमातूनच मिळतो, असे माझे म्हणणे आहे.

उघड्यावर बसून समोरचे दृश्य कागदावर उतरवणे हे आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांबरोबर आले. त्याआधी इकडे चित्रे नव्हती असे नव्हे. चांदवडच्या रंगमहालातली भिंतीवरची चित्रे आजही साक्ष देतात. पण ते काम आश्रयदात्यासाठी व्यवसायाने चित्रकार असलेल्यांनी केलेले होते. इंग्रज अधिकारी मात्र चित्रकार नसूनही चित्रे काढत, कारण ते त्यांना नोकरीसाठी शिकवले जाई. वूलविचच्या लष्करी अकादमीत १७६८पासून पॉल सँडबी हा नामांकित निसर्गचित्रकार रेखाटन शिकवत होता. कंपनीने १८०९मध्ये ॲडिस्कम येथे स्वतःची लष्करी शाळा काढली, तिच्यातही रेखाटन हा विषय होता. तोफ कुठे लावायची, नदी कुठून ओलांडायची, डोंगराचा माथा कसा आहे, हे कॅमेरा नसलेल्या काळात हातानेच टिपावे लागे. सँडबी शिकवत होता त्याच काळात लंडनच्या विल्यम रीव्ह्जने जलरंगाच्या घट्ट वड्या तयार केल्या आणि १७८१मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याबद्दल त्याचा गौरव केला. रंग घोटत बसण्याची गरज संपली, रंगपेटी खोगिराच्या पिशवीत मावू लागली. रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले हा कंपनीचा अधिकारी स्वतःच्या प्रयत्नाने चित्रे शिकला आणि पश्चिम भारतातली दृश्ये व वास्तू यांचा त्याचा चित्रसंग्रह १८२६पासून पुढच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाला. कामासाठी कमावलेली नजर त्याने फावल्या वेळात वापरली. १८८८मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सुरुवातीच्या प्रदर्शनांतही अशा हौशी युरोपीयांचाच भरणा होता.

एतद्देशीयांना ही कला शिकवताना विरंगुळ्याचा विचार नव्हता. सर जमशेटजी जीजीभाईंनी १८५३मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तेव्हा कारागिरांचा हात सुधारावा आणि उद्योगाला नक्षीकाम जाणणारी माणसे मिळावीत ही अपेक्षा होती. त्र्यंबकेश्वरी १८७०मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५मध्ये याच शाळेत दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले, पुराणवस्तू खात्यात नोकरीला लागले, मग छपाईच्या धंद्यात शिरले, आणि हे सगळे झाल्यावर १९१३मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्यांच्या पिढीला रेखाटन हे पोटापाण्याचे साधन होते. शाळांमधून रुजलेल्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचा रोखही तोच होता. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ही नावे मराठी घरांत इतकी रुळली आहेत की ती मूळची इंग्रजी आहेत याची आठवणही कुणाला होत नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन : या विषयांत मनमोकळेपणाला जागा थोडी. समोर ठेवलेल्या तांब्याचे तोंड लंबवर्तुळाकार दिसते, गोल नव्हे, हे डोळ्यांना मान्य करायला लावणे हा त्या शिक्षणाचा गाभा. शंभर वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्रातल्या लक्षावधी मुलामुलींनी हा धडा गिरवला, आणि त्यांतले फार थोडे चित्रकार झाले. बाकीच्यांच्या हातात तो तसाच राहिला.

त्या शिलकीचा छंद व्हायला आणखी दोन गोष्टी लागल्या. पहिली म्हणजे सुट्टी. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी देशभराच्या कारखान्यांत पक्की केली. नाशिक हे क्षेत्राचे गाव, तिथला दिवस पूर्वी तिथी आणि पर्व पाहून ठरे. १९२५मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला, १९६४मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला, पाठोपाठ सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत वाढली, आणि घड्याळावर कामाला जाणारा, महिन्याला पगार घेणारा आणि रविवारी मोकळा असणारा मोठा वर्ग या गावात तयार झाला. दुसरी गोष्ट स्वस्त रंग. १९३१मध्ये दि. प. दांडेकर आणि त्यांच्या बंधूंनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला. ‘कॅमल’ हे नाव त्यातूनच पुढे आले. १९६०च्या दशकात सुभाष दांडेकरांच्या पुढाकाराने कंपनी चित्रकलेच्या रंगांकडे वळली. तोवर चांगला रंग म्हणजे बहुधा विलायती. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आयुष्यभर चित्रे काढू शकले, त्यांनी चित्रांसाठी संग्रहालयही उभारले, कारण ते संस्थानिक होते. प्रेसमधल्या कारकुनाच्या खिशाला परवडेल अशी उंटाच्या चित्राची पेटी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात आली, तेव्हा संस्थानिकाची हौस पगारदाराच्या आवाक्यात आली. मराठी मध्यमवर्गाच्या इतिहासात या पेटीची दखल फार थोडी घेतली गेली आहे, याचे मला वाईट वाटते.

तिसरी गोष्ट नाशिककडे आधीपासूनच होती, ती म्हणजे घाट. १७४७चे नारोशंकराचे देऊळ आणि त्याच्यावरची वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा, १७५६चे सुंदरनारायण, पाण्यात उभा असलेला दुतोंड्या मारुती, पूल, पायऱ्या, वाळत घातलेली धोतरे-लुगडी, छत्र्यांखालचे उपाध्ये. काळा पाषाण, पांढरा चुना आणि हलते पाणी इतक्या जवळजवळ नांदतात की हे दृश्य जलरंगासाठीच रचले असावे असे वाटते. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदाचाच पांढरा राखतात. म्हणजे उन्हात चमकणारी पायरी कुठे सोडायची हे पहिला ब्रश टेकवण्याआधी ठरलेले हवे; एकदा रंग गेला की ती जागा परत मिळत नाही. देवळाचा काळा रंग तयार काळ्याने भरला तर दगड मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून तो उठवावा लागतो, आणि ते मिश्रण ओले असताना जितके गडद दिसते तितके वाळल्यावर राहत नाही. चैत्र-वैशाखात वॉश अर्ध्यावर येईतो सुकतो, श्रावणात तो वाळता वाळत नाही. म्हणून ऋतू पाहून पाण्याचे प्रमाण बदलावे लागते. सावली तासाभरात पायऱ्या उतरून जाते. एवढ्या गोष्टी एकाच वेळी सांभाळणाऱ्याच्या मनात ऑफिसचा वाद किंवा घराचा हप्ता शिरायला जागाच राहत नाही. विसावा येतो तो इथून. मन रिकामे होते म्हणून नव्हे, तर ते एकाच गोष्टीने काठोकाठ भरते म्हणून. नाशिकचे ज्येष्ठ निसर्गचित्रकार शिवाजी तुपे यांच्यासारख्यांनी या घाटाचे दृश्य जलरंगात कसे पकडायचे याचे नमुने घालून दिले, आजच्या पिढीत प्रफुल्ल सावंत यांनी इथला जलरंग जगभर नेला, आणि हौशी माणसाला बघायला, मागे उभे राहून शिकायला असे हात गावातच मिळाले. कुसुमाग्रज स्मारकातल्या ‘छंदोमयी’ दालनात व्यावसायिक आणि हौशी अशा दोन्ही चित्रकारांची प्रदर्शने भरतात, हे त्या परंपरेला साजेसेच आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल, आणि तो टाळून चालणार नाही. घाट सगळ्यांचा होता का? २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तो या घाटालगतच्या पंचवटीत. ज्या परिसरात माणसांना देवळाच्या दारात अडवले जात होते, तिथे निवांत बसून देवळाचे चित्र काढणे ही सगळ्यांना सारखीच उपलब्ध असलेली मोकळीक नव्हती. बायकांचेही तसेच. रविवारी सकाळी स्वयंपाकघर सोडून नदीवर तीन तास बसणे किती जणींना शक्य होते? म्हणून घाटावरची हौस हाच नाशिकच्या चित्रकलेचा सगळा इतिहास मानणे अन्यायाचे होईल. घराच्या अंगणात दुसरी परंपरा चालू होती. चैत्रात गौर बसते तेव्हा अंगणात चैत्रांगण काढतात : गुढी, स्वस्तिक, गोपद्मे, शंख, चक्र, गदा, तुळशीवृंदावन, हत्ती, पाळण्यातली गौर. क्रम आणि आकार ठरलेले, हात मात्र प्रत्येकीचा निराळा. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ तालुक्यांत वारल्यांच्या लग्नात सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यालाही रीत असते. १९७०च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णींनी वारली चित्रांना कागद मिळवून दिला आणि डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे ती चित्रे लग्नाबाहेरही रोज काढू लागले, तेव्हाही रेषेचे आणि त्रिकोणांचे व्याकरण त्यांनी सोडले नाही. आज वारली म्हणजे कुणालाही जमणारी काटकुळी माणसे, असे सांगून कार्यशाळांत शिकवले जाते. ते त्या व्याकरणाचा अनादर करणारे आहे. घाटावरचा जलरंग आणि अंगणातले चैत्रांगण यांच्यात जात, लिंग आणि पैशाचे मोठे अंतर आहे. तरी रीत पाळणाऱ्या हाताला मिळणारे समाधान दोन्हींकडे आहे, आणि माझे म्हणणे त्यामुळे दुबळे होत नाही, पक्के होते.

दुसरा आक्षेप विज्ञानाचा. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटे मार्कर, माती आणि चिकटचित्रांचे साहित्य देऊन मोकळे सोडले. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक कमी झाले, आणि आधी कला शिकलेल्यांत व न शिकलेल्यांत फारसा फरक आढळला नाही. मग शिस्तीचा आग्रह कशाला? हा पुरावा मी नाकारत नाही. नवख्या माणसाला पहिल्याच बैठकीत हायसे वाटते हे त्यावरून दिसते, आणि कुणी केवळ त्यासाठी रंग हातात घेत असेल तर त्याने अवश्य घ्यावेत. पण तो अभ्यास एका बैठकीचा आहे, आणि तुलनेसाठी वेगळा गटही त्यात नव्हता. तीच व्यक्ती दहा वर्षांनी अजून ब्रश धरते का, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द रूढ करणारा एड्रियन हिल स्वतः शिकलेला चित्रकार होता. १९३८मध्ये क्षयासाठी आरोग्यधामात असताना त्याने समोर दिसेल ते रेखाटायला घेतले आणि त्या अनुभवावरून इतर रुग्णांच्या हाती पेन्सिल दिली. त्याच्या कल्पनेचा उगम कमावलेल्या हातात आहे. ग्रेड परीक्षेने कित्येक मुलांचा चित्रांतला रस मारला, गुण मिळाले की पेटी माळ्यावर गेली, हेही खरेच, आणि दहावीच्या वाढीव गुणांसाठी परीक्षा देणाऱ्यांच्या बाबतीत ते आजही खरे असेल. दोष मात्र वस्तुचित्राचा नव्हे, ते गुणांपुरते शिकवण्याचा आहे. निवृत्तीनंतर पेटी माळ्यावरून खाली काढणाऱ्याला लंबवर्तुळ आठवते आणि पहिल्या महिन्यातच कंटाळा येऊन तो थांबत नाही. चिकाटीला लागणारी ही पूर्वतयारी कुठलीही एका दुपारची कार्यशाळा देऊ शकत नाही.

या हौसेचा दस्तऐवज मात्र धोक्यात आहे. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त रंगांतले काही किरमिजी आणि जांभळे उजेडाला टिकत नाहीत. काचेमागे दिवाणखान्यात लावलेल्या घाटाच्या चित्रांतली लुगडी आधी फिकी पडतात, मग संध्याकाळचे आभाळ. पुष्कळ चित्रांवर तारीख नसते, कुठे बसून काढले तेही नसते. फोटो आहेत, मग चित्रांची काय गरज, असे कुणी म्हणेल. पण मोठ्या पुरांनी घाटाचे रूप पुन्हा पुन्हा बदलले, १९६९च्या आणि २०१९च्या पुरांनीही. सुशोभीकरणाच्या कामांनी पायऱ्यांचे दगड हलवले, आणि २०२७च्या सिंहस्थाआधी आणखी हलतील. तीच पायरी वीस-तीस वर्षे वेगवेगळ्या ऋतूंत पाहत आलेल्या माणसाने दगडाचा रंग, पाण्याची पातळी, भिंतीचा चुना इतक्या सवडीने टिपलेला असतो, जितक्या सवडीने दुसरे कुणी टिपणार नाही. १८४०पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय असलेल्या या गावात अशा हौशी चित्रांची, कुणाच्या घरी कोणते, केव्हाचे आणि कुठून काढलेले, एवढी नोंद तरी सिंहस्थाची कामे पुरी होण्याआधी व्हायला हवी. काढणाऱ्यांपैकी बरेच जण सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि कुठल्या पायरीवर बसून काढले ते अजून सांगू शकतात.