सवाल-जवाब (शाहिरी)

सवाल-जवाब हा मराठी शाहिरी परंपरेतील प्रश्नोत्तरांचा गेय प्रकार आहे. यात दोन शाहीर किंवा दोन फड समोरासमोर येतात. एक पक्ष पुराण, इतिहास किंवा अध्यात्म यांवरील कूट प्रश्न पद्यातून टाकतो व दुसरा पक्ष त्याचे उत्तर पद्यातूनच देतो. अशा गूढार्थ दडलेल्या रचनांना भेदिक रचना म्हणतात.

कलगी आणि तुरा

सवाल-जवाबाचा विकास प्रामुख्याने कलगी व तुरा या दोन शाहिरी पंथांच्या स्पर्धेतून झाला. कलगीवाले शक्ती अर्थात प्रकृतीला श्रेष्ठ मानतात, तर तुरेवाले शिव अर्थात पुरुषतत्त्वाला. उत्तर भारतातही हे पंथ आढळतात. तेथील परंपरेत तुऱ्याचा उगम तुकनगीर यांच्याशी आणि कलगीचा शाह अली यांच्याशी जोडला जातो. कोकणातील जाखडी नृत्यात हाच सामना शक्ती-तुरा या नावाने रंगतो.

झाडीपट्टीतील स्वरूप

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील धानाच्या प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात. साकोली तालुक्यातील एकोडी हे गाव याच पट्ट्यात मोडते. येथे सवाल-जवाब खडी गंमत या लोकनाट्यातून सादर होतात. खडी म्हणजे उभी. कलावंत उभ्याने गातात व नाचतात. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या निमित्ताने या कार्यक्रमांना विशेष गर्दी होते. दोन पक्षांच्या सामन्याला दुय्यम खडी गंमत असेही म्हणतात.

सवालांचे विषय

१. पौराणिक : धृतराष्ट्राचा कोणता पुत्र पांडवांच्या बाजूने लढला, हा या वर्गातील प्रश्नाचा नमुना होय. उत्तर युयुत्सू.

२. संख्याकूट : भारतीय युद्धातील १८ अक्षौहिणी सैन्यापैकी ११ कौरवांकडे व ७ पांडवांकडे होत्या. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे व १,०९,३५० पायदळ मोजतात. असे आकडे कूटरचनेला सोयीचे ठरतात.

३. आध्यात्मिक : नऊ दरवाजांचे नगर म्हणजे देह, पाच, पंचवीस अशा संख्यांतून पंचमहाभूते व सांख्यांची तत्त्वे सुचवली जातात.

४. ऐतिहासिक : शिवकाळातील लढाया, किल्ले व व्यक्ती. या विषयांची शाहिरी परंपरा जुनी असून अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा प्रसिद्ध आहे.

तयारी आणि निवाडा

उत्तर केवळ बरोबर असून भागत नाही. सवालाची चाल सांभाळून ते पद्यात बांधावे लागते. त्यामुळे पाठांतराइतकेच शीघ्रकवित्व लागते. रचना व उत्तरे शाहिरांच्या हस्तलिखित बाडांत जतन केली जात आणि गुरूकडून शिष्याकडे जात.

खरा वाद आधारग्रंथावरून उद्भवतो. सीतास्वयंवराला रावण उपस्थित होता काय, हा प्रश्न त्याचे उत्तम उदाहरण आहे. वाल्मीकी रामायणात स्वयंवरप्रसंगी रावण येत नाही. एकनाथांच्या भावार्थ रामायणात व श्रीधरांच्या रामविजयात मात्र तो धनुष्य उचलायला जातो आणि फजीत पावतो. दोन्ही पक्ष आपापल्या पोथीनुसार बरोबर ठरतात. म्हणूनच कोणता ग्रंथ प्रमाण मानायचा, यावर जय-पराजय अवलंबून राहतो. श्रीधरांचे हरिविजय (१७०२), रामविजय (१७०३) व पांडवप्रताप (१७१२) हे ग्रंथ पोथीवाचनामुळे गावोगाव परिचित होते. त्यामुळे अक्षरओळख नसलेला श्रोताही चुकीचे उत्तर पकडू शकत असे.

महत्त्व

संस्कृत विद्येची दारे ज्यांना बंद होती, अशा समाजांतील अनेकांना या फडांनी पुराण व तत्त्वज्ञान यांवर जाहीर चर्चा करण्याची संधी दिली. येथे मान जन्मावर नव्हे, तर उत्तरावर ठरत असे. उत्तर गावासमोर द्यावे लागत असल्याने चूकही गावासमोरच उघडी पडे.

चित्रपटांत

तमाशापटांनी हा प्रकार शहरी प्रेक्षकांपर्यंत नेला. अनंत माने दिग्दर्शित 'सवाल माझा ऐका!' (१९६४) या चित्रपटाच्या शीर्षकातच त्याचा उल्लेख आहे. जयश्री गडकर यांनी त्यात प्रमुख भूमिका केली होती.

हे सुद्धा पहा

खडी गंमत, जाखडी नृत्य, झाडीबोली, पोवाडा, लावणी