फिरणाऱ्याचं क्रियापद

इंग्रजी शिकणारा चिनी माणूस ‘वॉंडर’पाशी अडखळतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. या एका शब्दाची कामं त्याच्या भाषेत चार-पाच जणांनी वाटून घेतलेली आहेत. दुकानं बघत बाजारात हिंडणं म्हणजे ‘ग्वांग’. जेवणानंतर पाय मोकळे करणं म्हणजे ‘लिऊदा’. घरदार सोडून गावोगाव भटकणं ‘लिऊलांग’. त्यातलं एक अक्षर वाहण्याचं, दुसरं लाटेचं. आणि वर्गात लक्ष उडालं तर ‘झोउशन’: चित्तच उठून चालू लागलं! इंग्रज या साऱ्यांना ‘वॉंडर’ म्हणून मोकळा होतो. वर स्पेलिंगची थट्टा आहेच. ‘वॉंडर’मध्ये ‘ए’ लिहायचा, उच्चार ‘ऑ’सारखा, नवल वाटण्याच्या ‘वंडर’मध्ये ‘ओ’ लिहायचा, उच्चार ‘अ’सारखा. कुळं मात्र दोघांची वेगळी.

‘वॉंडर’चं जुन्या इंग्रजीतलं रूप ‘वांड्रियन’. त्याचं मूळ पायाशी नाही, वळण्याशी आहे. दोरा गुंडाळण्याचा, वाट वळसे घेत जाण्याचा ‘वाइंड’ हा त्याचा भाऊबंद. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे चाक फिरतं, वारं फिरतं, रिकामटेकडा गावभर फिरतो आणि त्याच्या बापाचं डोकंही फिरतं.

याच कुळातला ‘वेंड’ आता फारसा कुणी वापरत नाही, पण त्याचा भूतकाळ शाळकरी पोरांना रोज घोकावा लागतो: ‘गो’चा ‘वेंट’. ‘गो’ला स्वतःच्या धातूचा भूतकाळ नव्हताच. आधी ‘एओदे’ नावाचं उपरं रूप ते काम करायचं. मध्ययुगाच्या अखेरीस ‘वेंड’चा ‘वेंट’ त्याच्या जागी पक्का बसला. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही. त्यामुळे काल आणि आज यांना दोन वेगळे शब्द का, हे त्या विद्यार्थ्याला उमगत नाही. व्याकरणाचं पुस्तक ‘अनियमित’ एवढंच सांगून सुटतं.

आकाशातही हे फिरणं पोचलंय. जागा बदलणाऱ्या ताऱ्यांना ग्रीकांनी भटके म्हटलं, त्यातून ‘प्लॅनेट’ आला. इंग्रजीतही त्यांना ‘वॉंडरिंग स्टार’ म्हणत. चिनी लोक त्यांना ‘शिंगशिंग’ म्हणतात, म्हणजे चालता तारा. आपण मात्र त्यांना ‘ग्रह’ म्हणतो, पकडणारा. ते हिंडतात ते आपल्याला धरायलाच, अशी आपली जुनी खात्री.