उलटं मॅपलचं पान

१८ ऑक्टोबर १९९२. अटलांटात बेसबॉलच्या ‘वर्ल्ड सिरीज’चा दुसरा सामना. अमेरिकी मरीन सैनिकांनी पाहुण्या टोरांटो ब्लू जेजसाठी कॅनडाचा ध्वज आणला, तोही उलटा! टीव्हीसमोरचा कॅनडा खवळला. प्रक्षेपणही अमेरिकेकडे झुकलेलं, ही कुरकुर होतीच.

समालोचकांच्या मनातलं कोण सांगणार? हिशेब मात्र उघड होता. सीबीएसला जाहिराती मिळत त्या अमेरिकी प्रेक्षकसंख्येवर. टोरांटोतली घरं त्या मोजणीतच नव्हती.

गंमत अशी, की ब्लू जेजचे खेळाडू बहुतेक अमेरिकीच. काही कॅरिबियन बेटांवरचे.

तिसऱ्या सामन्याला, टोरांटोत, मरीन पुन्हा आले. ध्वज सुलटा होता. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. २४ तारखेला अटलांटातच जिंकून ब्लू जेजनी ते अजिंक्यपद प्रथमच अमेरिकेबाहेर नेलं.