खांब कुणी रोवायचा?

बारामती-इंदापूरकडे हौशी रेडिओचा खांब घरावर क्वचितच दिसतो. उसाच्या आणि कारखान्यांच्या मुलखाला असले शौक कशाला, असं म्हणून हा विषय बहुधा मिटवला जातो. मला ते पटत नाही. बिनतारी लहरींची या बाजूशी ओळख जुनी आहे. १९२७ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात लघुलहरींची ‘बीम’ तारसेवा सुरू झाली, तेव्हा इथून संदेश पाठवणारं केंद्र खडकीला होतं आणि तिकडचे संदेश टिपणारं केंद्र बारामतीला लागून असलेल्या दौंडला. बोलायचं खडकीनं, ऐकायचं दौंडनं. ती वाटणी तांत्रिक सोयीची होती, हे खरं. पण पुढे कायद्यानंही गावांच्या वाट्याला ऐकण्याचंच काम दिलं. १९३३ च्या कायद्यानं बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं. ऐकणाऱ्याची सुटका सोपी होती: पोस्टात वर्षाची फी भरायची आणि आढ्यापासून झाडापर्यंत एरियलची तार ताणायची. बोलू पाहणाऱ्याला मात्र परीक्षा, मोर्सचा कडकट्ट आणि दिल्लीचा परवाना. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं आसपासच्या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं चालवली. प्रयोग नामी होता. कार्यक्रम ऐकून गावकरी चर्चा करत, शंका काढत. पण त्या शंका केंद्राकडे जायच्या त्या टपालानं.

यावर कुणी म्हणेल, अडचण कायद्याची नव्हती, उंचीची होती. सपाट रानात घरगुती खांब किती लांब पोचणार? हे अर्धंच खरं आहे. अतिउच्च वारंवारितेच्या लहरी साधारण क्षितिजापर्यंतच जातात: नऊ मीटरच्या खांबावरून बारा किलोमीटर, आणि हे अंतर दुप्पट करायचं तर उंची चौपट हवी. पण हौशी मंडळींचा ४० मीटर तरंगलांबीचा पट्टा वातावरणाच्या वरच्या थरावरून परततो. त्याला वीस मीटर तार आणि दहाएक मीटर उंचीचे दोन खांब पुरतात. बांबू, लोखंडी पाइप आणि चारी बाजूंनी ताण एवढं सामान कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मिळतं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: एकाच वारंवारितेवर दोघं बोलले तर कुणाचंच ऐकू येत नाही, आणि युद्धकाळात चोरून पाठवलेले संदेश घातक ठरतात. म्हणून नियमन हवंच. मात्र नियमन म्हणजे मक्तेदारी नव्हे. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानंच १९९५ मध्ये सांगितलं.

त्यानंतर दार किलकिलं झालं. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ आणि कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ बोलू लागल्या. सामुदायिक रेडिओच्या २००६ च्या धोरणानं खांबाची उंचीही ठरवून दिली: किमान पंधरा मीटर, कमाल तीस. पण हा खांब संस्थेनंच रोवायचा, एकट्या माणसाला तो परवाना नाही. आणि संस्थेलाही त्यावरून स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा त्या धोरणात नव्हती.